काचेच्या भिंती आणि आंदणातला किल्ला

सोलापूरचा भुईकोट किल्ला एकेकाळी लग्नात आंदण म्हणून ठरला होता. तोही एकदा नव्हे. एकदा कबूल करून दिलाच गेला नाही आणि एकदा खरोखर दिला गेला. १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा तिच्यासोबत सोलापूर द्यायचं ठरलं होतं. लग्न झालं, नवरी नगरला गेली, किल्ला मात्र विजापूरकडेच राहिला. या एका न पाळलेल्या शब्दावरून दोन घराणी पुढची चाळीस वर्षं भांडत राहिली. अखेर १५६० च्या दशकात हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्लाही दिला. सोयरीक जुळली, सैन्यं एकत्र आली आणि जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगर कोसळलं.

त्याच दशकात लंडनमध्ये तिशीतली एक राणी लग्नाची एकेक बोलणी शांतपणे लांबणीवर टाकत होती. पहिली एलिझाबेथ १५५८ मध्ये गादीवर आली. स्पेनचा फिलिप, स्वीडनचा एरिक, ऑस्ट्रियाचा चार्ल्स असे युरोपातले मोठमोठे वर तिच्यासाठी सांगून येत होते. तिने कुणाला पटकन होकार दिला नाही आणि पटकन नकारही दिला नाही. राजकन्येचं लग्न म्हणजे राज्याचा सौदा हे दख्खनमध्ये जितकं खरं होतं, तितकंच युरोपातही होतं. एलिझाबेथने तो सौदा वीस वर्षं चालू ठेवला आणि शेवटी केलाच नाही. १६०३ मध्ये ती वारली तेव्हा चव्वेचाळीस वर्षं राज्य करून अविवाहितच होती.

या चव्वेचाळीस वर्षांत इंग्लंडमध्ये घरं बांधण्याची एक विलक्षण लाट आली. त्या शैलीला आज राणीचंच नाव आहे: एलिझाबेथन. गंमत अशी की राणीने स्वतः जवळजवळ काहीच बांधलं नाही.

विंडसरच्या किल्ल्यात एक लांबलचक दालन आणि एक सज्जा, एवढंच तिच्या नावावर सांगता येतं. बाप आठवा हेन्री बांधकामाचा शौकीन. पन्नासहून अधिक वाडे आणि शिकारघरं मागे ठेवून गेलेला. खजिना मात्र रिकामा. मुलगी हिशेबी निघाली. आहेत तेच वाडे पुरेत, असा तिचा खाक्या. आणि बांधायची गरज तरी काय होती? दुसरे बांधत होते, आणि तिच्यासाठीच बांधत होते.

उन्हाळा आला की राणी दरबारासह दौऱ्यावर निघायची. शेकडो गाड्यांवर सामान, सोबत मंत्री, सरदार, दासी, आचारी, घोडे. मुक्काम एखाद्या सरदाराच्या घरी. म्हणजे तेवढे दिवस दरबाराच्या खर्चाचा मोठा वाटा यजमानाच्या माथी. शिवाय लंडनमध्ये त्या दिवसांत प्लेगचं भय असे, तेही टळायचं. लोकांना राणी दिसायची, राणीला प्रांत दिसायचा. काटकसर आणि राजकारण एका दगडात. जो तिला घरी बोलावू शकेल त्याचं दरबारात वजन वाढणार, हे उघड होतं. मग घर तसं हवं. राणीसाठी वेगळा मजला हवा, तिच्या बैठकीचं भव्य दालन हवं, पावसाळी दिवशी तिला फेऱ्या मारता याव्यात म्हणून शंभर-दीडशे फूट लांबीची गॅलरी हवी.

१५७५ च्या जुलैत रॉबर्ट डडली या तिच्या आवडत्या सरदाराने केनिलवर्थच्या गढीत तिचं एकोणीस दिवस आतिथ्य केलं. आतषबाजी, नाटकं, अस्वलांच्या झुंजी, तळ्यावरचे देखावे, खास तयार केलेली बाग. राणी आहे तोवर बुरुजावरचं घड्याळ बंद ठेवलं होतं. काटे मेजवानीच्या वेळेवर. डडलीला तिच्याशी लग्न करायचं होतं, हे सगळ्या इंग्लंडला ठाऊक होतं. मेजवानी झाली, लग्न झालं नाही.

क्रिस्टोफर हॅटनची कथा याहून केविलवाणी. हा राणीचा पुढे झालेला मुख्य न्यायमंत्री. नॉर्दम्प्टनशायरमध्ये होल्डनबी इथे त्याने त्या काळातलं देशातल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक घर उभं केलं. राणीचे पाय लागल्याशिवाय आपण त्याचा उपभोग घेणार नाही, असं त्याने ठरवलं होतं. राणी आलीच नाही. १५९१ मध्ये हॅटन कर्जात बुडालेला असताना वारला. त्याच्या घरातल्या एका मौल्यवान वस्तूचं पुढे काय झालं, ते पुढे येईलच.

या घरांना इंग्रज इतिहासकार ‘अचाट घरं’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. विल्टशायरमधलं लाँगलीट, नॉटिंगहॅममधलं वोलटन, डर्बीशायरमधलं हार्डविक ही त्यांतली ठळक. तिन्हींशी एकाच माणसाचा संबंध आहे: रॉबर्ट स्मिथसन. मूळचा पाथरवट. लाँगलीटच्या कामावर तो १५६८ मध्ये गवंड्यांची टोळी घेऊन आला आणि पुढे वोलटनचा आराखडाकार झाला. तोवर इंग्लंडमध्ये इमारतीचं श्रेय मालकाला जायचं. कारागिराचं नाव कुणी विचारत नसे. स्मिथसनच्या वोलटनमधल्या थडग्यावर मात्र त्याचा उल्लेख वास्तुरचनाकार म्हणून कोरलेला आहे. वोलटन आजच्या तरुणांनीही पाहिलेलं आहे, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. ‘द डार्क नाइट राइझेस’ या २०१२ च्या चित्रपटात बॅटमनचा वाडा म्हणून दाखवलेलं घर तेच.

पैसा कुठून आला? हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात देशभरचे मठ बंद केले आणि त्यांच्या जमिनी विकल्या. लाँगलीटची जागाही मुळात एका मठाची. जॉन थिन याने ती १५४० मध्ये ५३ पौंडांना घेतली. मठांचा दगड, मठांची जमीन, लोकरीचा व्यापार, वोलटनच्या मालकासारख्यांकडे कोळशाच्या खाणी. चर्च बांधण्याचं काम तर जवळजवळ थांबलंच होतं. पूर्वी पिढ्यान् पिढ्या देवळांच्या कमानी घडवणारे हात आता सरदारांच्या घरांकडे वळले.

या घरांसमोर उभं राहिलं की आधी डोळ्यांत भरते ती काच. मजल्यामागून मजला खिडक्या. दगडी दांड्यांच्या चौकटी, त्यांत शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले काचेचे छोटे छोटे तुकडे, कारण मोठा सलग काचपत्रा तेव्हा करता येत नसे. काच महाग होती. मालक घर सोडून काही महिने बाहेर जाणार असेल तर तावदानं काढून नीट बांधून ठेवत. काचकामही परदेशी कारागिरांकडून शिकलेलं. १५६७ मध्ये ज्याँ कारे नावाच्या स्थलांतरिताला खिडकीची काच बनवण्याचा परवाना मिळाला आणि त्याने लोरेनकडचे काचकारागीर आणले. त्यामुळे ज्याच्या घराला काच जास्त, तो श्रीमंत, हा हिशेब रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळायचा. पुढे फ्रान्सिस बेकनने अशा घरांवर टीका करताना लिहिलं की ऊन किंवा थंडी चुकवायला कुठे बसावं तेच त्यांत कळत नाही. ही तक्रार इंग्लंडच्या उन्हाची. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकणाऱ्या सोलापुरात हार्डविक बांधलं असतं तर राणीला बोलावण्याआधी मालकच पळाला असता.

तरीही खरा प्रश्न हवामानाचा नाही. भिंतीच्या जागी काच लावायला माणूस केव्हा धजतो? उद्या दारात तोफ येणार नाही, अशी खात्री असते तेव्हा.

इथे सोलापूरच्या किल्ल्याकडे पुन्हा पाहावं लागतं. दुहेरी तट, बाहेर खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलावाचं पाणी. दख्खनमध्ये सोळाव्या शतकात ज्याच्याकडे पैसा होता त्याने तो दगडाच्या जाडीत घातला. विजापूरचा तट १५६५ च्या सुमारास पुरा झाला. तटाला तोंड देणारी तोफही तितकीच तगडी: ‘मलिक-ए-मैदान’ १५४९ मध्ये अहमदनगरला रूमीखानाने ओतली, नंतर ती परांड्याला होती आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. अशी तोफ शेजाऱ्याकडे असताना कोण खिडक्या काढेल? जो उजेड हवा तो आतल्या चौकातून घ्यायचा. बाहेरच्या जगाकडे तोंड करायचं ते बुरुजाच्या जंग्यांतून.

चांदबिबीच्या नशिबी हीच भिंत आली. नवरा १५८० मध्ये मारला गेला. नवऱ्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम याला गादीवर बसवून तिने कारभार पाहिला. कटकारस्थानांत एकदा तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेतही ठेवलं. नंतर ती माहेरी अहमदनगरला परतली. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुरादच्या मुघल फौजेने नगरला वेढा घातला. फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंगाने तटाला मोठं खिंडार पडलं, तेव्हा बुरखा घेतलेली, हातात तलवार असलेली ही बाई खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभारून घेतला. वऱ्हाड प्रांत मुघलांना देऊन वेढा उठला. चारच वर्षांनी तिच्याच लोकांनी तिला मारलं आणि ऑगस्ट १६०० मध्ये नगर मुघलांकडे गेलं.

एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये सगळं निर्धास्त होतं असंही नाही. पोपने १५७० मध्ये तिला बहिष्कृत केलं होतं आणि १५८८ मध्ये स्पेनचं आरमार दारात आलं होतं. तिच्या कारकिर्दीतलं सर्वांत खर्चिक बांधकाम कोणतं, हे पाहिलं की गंमत कळते. तो राजवाडा नाही. स्कॉटलंडच्या सीमेवरच्या बेरिक गावाभोवतीचा तट. इटालियन पद्धतीचा, बुटका, रुंद, मातीने भरलेला, खास तोफांसाठी. खर्च सुमारे १ लाख २८ हजार पौंड. जिथे भीती होती तिथे काटकसरी राणीनेही दगडच ओतला. देशाच्या आतल्या भागात मात्र सरदारांना एकमेकांच्या तोफांचं भय उरलं नव्हतं. दख्खनच्या सरदाराला शेजाऱ्याच्या तोफेची धास्ती. इंग्लंडच्या सरदाराला राणीच्या नाराजीची. घरं त्या त्या धास्तीच्या मापाने बांधली गेली.

ही शैली शुद्ध मुळीच नव्हती. इटलीतल्या नव्या वास्तुकलेची हवा इंग्लंडला लागली होती, पण बहुतेक मालक आणि गवंडी इटलीला गेलेच नव्हते. जॉन शूट गेला होता. त्याचं १५६३ चं पुस्तक हे त्या विषयावरचं इंग्रजीतलं पहिलं. बाकीच्यांनी इटालियन वास्तुकार सर्लिओची चित्रं असलेली पुस्तकं चाळली, फ्लँडर्सहून आलेले नक्षीचे छापील नमुने घेतले आणि कातडी पट्टे वळवल्यासारखी ती नक्षी दारावर, शेकोटीवर, थडग्यावर, मिळेल तिथे बसवली. खाली ग्रीक स्तंभ, वर गॉथिक शिखरं, त्यावर धुराड्यांची रांग. जाणकार नाकं मुरडतात. पण नमुन्यांच्या पुस्तकातून आवडलेलं उचलून आपल्या ऐपतीची इमारत सजवायची, ही धनिकांची जुनी हौस आहे. सोलापूर महापालिकेची इंद्रभुवन ही इमारत आप्पासाहेब वारदांनी बांधली तीही देशी-विलायती नक्षीच्या अशाच मिश्रणातून, आणि शहराला तिचा अभिमान आहे.

सरदारांची घरं आज तिकीट काढून पाहता येतात. सामान्य माणसाच्या घरात काय बदललं, हे एका पाद्र्याने टिपून ठेवलं आहे. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा विल्यम हॅरिसन. १५७७ मध्ये छापलेल्या त्याच्या इंग्लंडच्या वर्णनात गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या हयातीत बदललेल्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, धुराडी वाढली. पूर्वी चूल घराच्या मधोमध आणि धूर छपरातून. दोन, अंथरूण. म्हाताऱ्यांच्या लहानपणी गवताच्या गादीवर झोपायचं आणि डोक्याखाली ओंडका घ्यायचा. उशी ही बाळंतिणीची चैन समजली जाई. तीन, लाकडी थाळ्या आणि चमचे जाऊन कथील-शिशाची आणि चांदीची भांडी आली. धूर वेगळा निघाला म्हणून घराला वरचा मजला घालता आला, वर झोपायच्या खोल्या झाल्या, खोल्या झाल्या म्हणून पलंग, चादरी, पडदे लागले.

कापड हाच त्या इंग्लंडचा मुख्य धंदा होता. जाड लोकरी कापड बाहेर जायचं आणि त्यावर देशाची निर्यात उभी होती. १५६० च्या दशकात अँटवर्पची बाजारपेठ अडली तेव्हा नॉर्विच शहराचे माग थंडावले. शहराने १५६५ मध्ये स्पेनच्या जाचाला कंटाळून नेदरलँड्समधून पळालेल्या विणकरांची तीस कुटुंबं राणीच्या परवानगीने बोलावून घेतली. त्यांनी हलकं, नव्या वाणाचं कापड विणायला शिकवलं. पाठोपाठ त्यांचे नातेवाईक आले आणि काही वर्षांत शहराच्या लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा या ‘परक्यांचा’ झाला. कुरबुरी झाल्या, एकदा त्यांना हाकलण्याचा कटही झाला. पण शहर त्यांच्याच मागांवर सावरलं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. सोलापूरचं वस्त्रोद्योगाचं नाव मोठ्या प्रमाणात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घडवलं. घरात तेलुगू, बाजारात मराठी, मागावर दोन्ही. हातमागाचा यंत्रमाग झाला, जॅकार्डवर नक्षीच्या चादरी निघू लागल्या, आणि आज याच वसाहतीतल्या शेडमधून टेरी टॉवेलांच्या गठड्या परदेशी जातात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही आहे.

हात विरुद्ध यंत्र हा वादही एलिझाबेथच्या काळात एकदा होऊन गेला. १५८९ मध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचं यंत्र बनवलं. राणीने त्याला एकाधिकाराची सनद नाकारली. हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्या गरिबांचा घास जाईल, असं तिने कारण दिल्याचं सांगतात. यंत्राचे मोजे जाडेभरडे होते आणि राणीला रेशमी आवडत, असाही एक सूर आहे. ली पुढे फ्रान्सला गेला आणि तिथेच संपला. यंत्र मात्र इंग्लंडला परत आलं. होजिअरीच्या सगळ्या यंत्रांची आजी तीच.

राणीचं आणखी एक मोठं बांधकाम होतं, दगडाशिवायचं: स्वतःचं चित्र. वय वाढत गेलं तरी चित्रांतला चेहरा तरुणच राहिला. निकोलस हिलियार्ड या चित्रकाराने तो साचा घडवला. हातात चाळणी म्हणजे कौमार्य, मोती म्हणजे पावित्र्य, पायाखाली इंग्लंडचा नकाशा. १५६३ मध्ये राणीची चित्रं कशी काढावीत याचा जाहीरनामा लिहिला गेला आणि १५९६ मध्ये मंत्रिमंडळाने वेडीवाकडी चित्रं शोधून नष्ट करायला सांगितलं.

याच्या नेमकं उलट उदाहरण पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही हस्तलिखित पोथी १५६० च्या दशकात अहमदनगरच्या दरबारात तयार झाली. तिच्या चित्रांत हुसेन निजामशहाच्या शेजारी त्याची बेगम खुंजा हुमायूं बसलेली होती. ही चांदबिबीची आई. नवऱ्यामागे तिने काही वर्षं मुलाच्या नावाने राज्य चालवलं, मग मुलानेच तिला कैद केलं. तिची सत्ता गेल्यावर त्या पोथीतली तिची आकृतीही बहुतेक चित्रांतून खरवडली गेली. शहा तसाच बसलेला आहे, बाजूला रंग उडालेला डाग.

रंगभूमीबद्दल मराठी वाचकाला फार सांगायला नको. १५७६ मध्ये जेम्स बर्बेजने लंडनबाहेर कायमचं नाटकघर बांधलं. त्याचीच लाकडं सोडवून नदीपलीकडे नेली आणि १५९९ मध्ये ग्लोब उभं राहिलं. तिथला हॅम्लेट १८८३ मध्ये आगरकरांच्या ‘विकारविलसिता’तून मराठीत आला आणि गणपतराव जोश्यांनी तो गाजवला.

पण एलिझाबेथच्या इंग्लंडची काही माणसं तीनशे वर्षं न थांबता, राणी जिवंत असतानाच इकडे आली होती. पहिला फादर थॉमस स्टीफन्स. कॅथलिक असल्याने त्याला मायदेशी जागा नव्हती. ऑक्टोबर १५७९ मध्ये तो पोर्तुगीज जहाजाने गोव्यात उतरला, वडिलांना प्रवासाचं पत्र लिहिलं आणि मग उभा जन्म इथेच राहिला. त्याने मराठी आत्मसात केली. सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. शेक्सपिअरचा समकालीन असलेला हा इंग्रज आपलं महाकाव्य ओवीत लिहीत होता. शेक्सपिअर वारला तेही १६१६ मध्येच.

दुसरा राल्फ फिच, लंडनचा व्यापारी. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी आणि इतर सोबत्यांबरोबर तो ‘टायगर’ जहाजाने निघाला. जवळ अकबराच्या नावचं एलिझाबेथचं पत्र. होर्मुझला पोर्तुगिजांनी हेर म्हणून पकडलं आणि गोव्याच्या तुरुंगात टाकलं. तिथे स्टीफन्सने जामिनाची खटपट केली. एप्रिल १५८४ मध्ये ही मंडळी गोव्यातून निसटली, बेळगाववरून विजापूरला आली. सोलापूरपासून विजापूर शंभर किलोमीटर. तिथून गोवळकोंडा, बुऱ्हाणपूर, आग्रा. फिच १५९१ मध्ये लंडनला परतला, तोवर घरच्यांनी त्याची आशा सोडली होती. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणीने ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेवर मोहोर उठवली, तिच्या चालकांनी फिचचा सल्ला घेतला होता. हिशेबी राणीने केलेली ही बहुधा सर्वांत फायद्याची सही. फायदा पाहायला ती उरली नाही, आणि तोटा कुणाच्या वाट्याला आला हे इथे सांगायला नको.

आता हार्डविक. या सगळ्या घरांत एकच पाहायचं असेल तर हे पाहावं, आणि ते एका बाईने बांधलेलं आहे. बेस ऑफ हार्डविक. एका मध्यम जमीनदाराची मुलगी, चार लग्नं केलेली, प्रत्येक लग्नानंतर आधीपेक्षा श्रीमंत झालेली. चौथा नवरा श्रूझबरीचा अर्ल. त्याच्याकडे स्कॉटलंडच्या कैदी राणी मेरीला पहाऱ्यात ठेवण्याचं काम पंधरा वर्षं होतं. त्या काळात बेस आणि मेरी एकत्र बसून भरतकाम करायच्या. १५९० मध्ये अर्ल वारला आणि साठी ओलांडलेल्या बेसने नव्या घराच्या कामाला जोर लावला. आराखडा स्मिथसनचा. काच तिच्या स्वतःच्या कारखान्यातली, दगड आणि लाकूड तिच्याच जमिनीतलं. ऑक्टोबर १५९७ मध्ये ती राहायला आली.

घराला सहा बुरुज आहेत, पण त्यांवर तोफा नाहीत. प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात कापलेली तिच्या नावाची आद्याक्षरं आहेत, आकाशाला टेकलेली, मैलावरून दिसणारी. खालच्या मजल्याच्या खिडक्या बुटक्या, मधल्या उंच, वरच्या त्याहून उंच, कारण मानाचा मजला सर्वांत वर. भिंतीपेक्षा काच जास्त, असं या घराबद्दल लोक तेव्हापासून गमतीने म्हणत आले. समोरची रांग बिघडू नये म्हणून काही खिडक्या तर नुसत्या देखाव्याच्या आहेत. काचेमागे भिंत किंवा धुराडं. वरच्या दरबारी दालनात भिंतीभर चुनेगच्चीतलं रानातलं चित्र आणि त्यात शिकारीची कुमारी देवी डायाना. हा नमस्कार कुणाला, हे उघड आहे. बेसची नात अर्बेला हिचा गादीवर दावा सांगता येत होता, त्यामुळे म्हातारीचे मनसुबे साधे नव्हते. पण राणी इथेही आली नाही.

बेसच्या घरात इमारतीपेक्षा कापडाला जास्त मोल होतं, हे १६०१ ची मालमत्तेची यादी वाचली की लक्षात येतं. बंद मठांतल्या पुजाऱ्यांचे जरीचे झगे कापून तिने भिंतीवरचे पडदे शिवून घेतले होते. त्यांवर जुन्या काळातल्या थोर बायकांच्या आकृत्या: झेनोबिया, लुक्रेशिया, पेनेलोपी. आणि लांब गॅलरीत तेरा प्रचंड विणलेले पट, बायबलमधल्या गिडियनची कथा सांगणारे. सहा-सहा मीटर उंच, एकूण सत्तर मीटरहून लांब, फ्लँडर्समध्ये विणलेले. ते मुळात हॅटनने होल्डनबीसाठी विणवून घेतले होते. तो कर्जात मेल्यावर वारसाने ते विकायला काढले आणि १५९२ मध्ये बेसने ३२६ पौंडांहून थोड्या जास्त रकमेला घेतले. पटांवर हॅटनचं कुलचिन्ह विणलेलं होतं. बेसने त्यावर आपलं चिन्ह रंगवलेले तुकडे चिकटवले आणि या खर्चापोटी किमतीतून पाच पौंड कापून घेतले.

हे तेरा पट आज नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहेत. त्यांच्या दुरुस्तीचं काम एकेक पट घेऊन २४ वर्षं चाललं आणि २०२३ मध्ये तेरावा पट भिंतीवर परत गेला. धूळ, काजळी आणि उजेड यांनी विरलेले ताणे-बाणे कारागिरांनी सुईने एकेक टाका घालत बांधले. आता हार्डविकच्या त्या प्रचंड खिडक्यांना झडपा आणि पडदे आहेत, आणि आत किती उजेड येऊ द्यायचा ते मोजून ठरवलं जातं.